डाळिंबाचा डीएनए संगणकावर आला, पण पोरांना नोकरी कुठं? बायोइन्फॉर्मेटिक्सला जाण्याआधी मांडायचा हिशेब

बी.एस्सी.चे निकाल लागले की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. "बायोइन्फॉर्मेटिक्स शिका, सहा महिन्यांत नोकरी, पगार लाखात." सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ या तालुक्यांत बायोटेक्नॉलॉजी, वनस्पतिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी किंवा कृषी शिकलेली पोरं-पोरी आता घरोघरी आहेत. जाहिरात त्यांच्या मोबाईलवर येते आणि त्यांच्याकडून बापाच्या कानावर जाते. बापाचा प्रश्न एकच असतो, "ह्यात नोकरी लागंल का? का उगं पैसं जातील?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं खरं उत्तर मात्र ना जाहिरातीत मिळतं, ना कॉलेजच्या माहितीपत्रकात. या क्षेत्रात काम आहे आणि ते वाढतंय. पण त्यातलं बरंचसं काम ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर चालतं. कायमच्या जागा थोड्या आणि तिथवर पोचायला वयाची तिशी उजाडते. हे आधी माहीत असलेला पोरगा तयारीनं उतरतो. ज्याला माहीत नसतं, तो दोन-तीन वर्षांनी हातात अनुभवाचा कागद घेऊन गावी परत येतो आणि घरच्यांना वाटतं, पोरगं नापास झालं.

हे काम नेमकं काय?

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए असतो. तो चार अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी आणि सी. माणसाचा डीएनए म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरं. ज्वारीची ७० कोटींच्या वर, डाळिंबाची ३०-३५ कोटींच्या आसपास, तर गव्हाची दीड हजार कोटींहून जास्त. ही अक्षरं वाचायला आता यंत्रं आहेत. पण यंत्र डीएनए अखंड वाचत नाही, तुकड्या-तुकड्यांनी वाचतं. गावातल्या सगळ्या सातबाऱ्यांचे कपटे करून पोत्यात भरले आणि पुन्हा जोडून प्रत्येकाचा उतारा उभा करायला सांगितला, तर जे काम होईल तेच हे. फरक इतकाच की कपटे कोट्यवधी असतात.

हे जोडायचं, त्यात जनुक कुठलं ते शोधायचं, रोगाला बळी पडणाऱ्या झाडात आणि टिकून राहणाऱ्या झाडात कुठलं अक्षर वेगळं आहे ते काढायचं. हाताने हे होत नाही, त्याला संगणक लागतो, गणित लागतं आणि जीवशास्त्रही लागतं. या तिन्हींच्या मिलाफाला बायोइन्फॉर्मेटिक्स किंवा कॉम्प्युटेशनल बायोलॉजी म्हणतात. मराठीत जैवमाहितीशास्त्र. ढोबळ फरक सांगायचा तर पहिल्यात माहिती साठवणं, जुळवणं, शोधणं यावर भर असतो, दुसऱ्यात गणिताची प्रारूपं बांधून सजीवाचं वागणं समजून घेण्यावर. नोकरीच्या जाहिरातीत मात्र दोन्ही नावं अदलून-बदलून येतात.

या शास्त्राशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर जैवमाहिती केंद्रांचं जाळं उभं केलं. त्यातलं एक पुणे विद्यापीठात आलं. तिथं डॉ. अशोक कोळसकर आणि त्यांचे सहकारी टोणगावकर यांनी १९९० मध्ये एक पद्धत मांडली. प्रथिनाच्या कुठल्या भागाला शरीराची प्रतिकारशक्ती ओळखेल, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. लसींवर काम करणारे संशोधक आजही ती वापरतात.

आपल्या शिवाराशी संबंध

हे सगळं पुण्या-बेंगळुरूतलं, आपला काय संबंध, असं वाटेल. पण संबंध बांधापर्यंत आलेला आहे.

डाळिंबाचा जनुकसंच चिनी संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे २०२२ मध्ये आपल्या 'भगवा' वाणाचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला आणि त्या कामात सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ होते. तेल्या रोगानं ज्यांना बागा काढाव्या लागल्या त्यांना हे महत्त्वाचं आहे. तेल्या हा झान्थोमोनास जातीच्या जीवाणूमुळे होतो. त्या जीवाणूची सुमारे ५० लाख अक्षरंही वाचून झाली आहेत. झाडाचं आणि जीवाणूचं अशी दोन्ही पुस्तकं उघडी असली की झाड कुठं कमी पडतं, जीवाणू कुठून घुसतो, रोग लक्षणं दिसायच्या आधी कसा ओळखायचा, हे शोधायला वाट मिळते. उद्या सकाळी तेल्या संपेल असं याचा अर्थ नाही. फळझाडात नवा वाण तयार व्हायला वर्षानुवर्षं जातात. पण हजार रोपांतून कुठली दहा पुढं न्यायची, हे रोप लहान असतानाच ठरवता आलं तर त्यातली काही वर्षं वाचतात.

ज्वारीचंही तसंच. मंगळवेढ्याची मालदांडी सगळ्यांना माहीत आहे. 'मालदांडी ३५-१' हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला. ज्वारीचा जनुकसंच २००९ मध्ये जगापुढं आला. रब्बी ज्वारीवर सोलापुरातही केंद्र सरकारचं संशोधन केंद्र आहे. तुरीचा जनुकसंच २०११ मध्ये आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये वाचला गेला. दोन्हींत हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेचा पुढाकार होता. २०२१ मध्ये तर हरभऱ्याच्या ३,३६६ वाणांचा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाला.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जनुकसंपादन केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले, 'डीआरआर धान १००' म्हणजेच 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. त्यावर बाजूनं आणि विरोधात चर्चा झाली, अजून होतेय. ती वेगळी. पण कुठल्या जनुकात, कुठल्या जागी कात्री लावायची हे आधी संगणकावर शोधावं लागतं, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. म्हणजे यापुढं बियाण्याच्या संशोधनात संगणकावर बसणारा माणूस लागणारच.

मागणी का वाढली?

पहिलं कारण, डीएनए वाचणं स्वस्त झालं. माणसाचा पहिला जनुकसंच वाचायला १९९० ते २००३ अशी १३ वर्षं आणि अब्जावधी डॉलर लागले. आता एका माणसाचा जनुकसंच हजार डॉलरच्या आत आणि काही दिवसांत वाचून होतो. माहिती ढिगानं येते, ती उलगडणारी माणसं तेवढी नाहीत.

दुसरं कारण कोरोना. विषाणूची रूपं ओळखायला डिसेंबर २०२० मध्ये 'इन्साकॉग' नावाचं प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र सुरुवातीपासून त्यात होते. टीव्हीवर 'डेल्टा', 'ओमायक्रॉन' ही नावं ऐकू यायची, त्यामागं रात्रंदिवस संगणकावर अक्षरं जुळवणारी तरुण पोरं होती. त्यातली अनेक कंत्राटी होती.

तिसरं कारण सरकारी धोरण. नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबादला 'इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर' सुरू झालं. म्हणजे देशाच्या जैविक माहितीचं कोठारच. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'बायोई-३' धोरण मंजूर केलं. संशोधनाला निधी देण्यासाठी २०२३ च्या कायद्यानं 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' उभं राहिलं. त्यासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट सांगितलं गेलं आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून येणं अपेक्षित धरलं आहे.

घोषणा मोठ्या आहेत. पण घोषणेतला पैसा गावातल्या पोराच्या खात्यावर पगार म्हणून पोचतो तो एकाच वाटेनं. ती वाट म्हणजे प्रकल्प.

प्रकल्पाची नोकरी कशी असते?

गावाला 'भरती' माहीत आहे. पोलीस भरती, तलाठी भरती. शेकडो जागा, पेपरात मोठी जाहिरात, एक परीक्षा, एक यादी. या क्षेत्रात तशी भरती नसते. एखाद्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर होतो. त्यात एक किंवा दोन माणसं घ्यायची मुभा असते. संस्थेच्या वेबसाईटवर दोन पानांची जाहिरात लागते. अर्जाला दहा-पंधरा दिवस असतात, नाहीतर थेट मुलाखतीची तारीखच दिलेली असते. प्रवासखर्च बहुतेक वेळा मिळत नाही. ही जाहिरात जिल्ह्याच्या पेपरात येत नाही आणि गावातल्या ग्रुपवर तर नाहीच नाही. ग्रुपवर येते ती क्लासची जाहिरात. गावाकडचं पोरगं पहिल्यांदा मागं पडतं ते इथं. हुशारीत ते कमी नसतं, त्याला खबरच लागलेली नसते.

आता पैशाचं बघू. नेट किंवा गेट पास असेल आणि कनिष्ठ संशोधक, म्हणजे जेआरएफ म्हणून निवड झाली, तर केंद्राच्या १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. पीएच.डी.ची दोन वर्षं झाली की वरिष्ठ संशोधक म्हणून ४२ हजार होतात. नेट-गेट नसेल तर प्रोजेक्ट असोसिएट किंवा असिस्टंट अशा जागा असतात. तिथं रक्कम कमी, साधारण वीस ते तीस हजारांच्या घरात.

पैसे वाईट नाहीत. पुण्यात खोली, मेस, प्रवास भागवून थोडे घरी पाठवता येतात. पण करारात एक ओळ पक्की असते: ही नेमणूक तात्पुरती आहे, प्रकल्प संपला की संपेल, कायम होण्याचा हक्क सांगता येणार नाही. वर्षा-वर्षानं मुदत वाढते. निधी यायला उशीर झाला तर पगारालाही उशीर होऊ शकतो.

कायमची जागा म्हणजे शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक. शेतीत जायचं तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा आहे. तिथून लागलेल्या शास्त्रज्ञाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. जागा मोजक्या आणि स्पर्धा देशभराची. आपल्या राज्यात राहुरी, परभणी, अकोला, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. तिथली बरीच पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

खासगीत बेंगळुरू, हैदराबाद आणि पुणे ही मुख्य ठिकाणं. डीएनए तपासणीच्या कंपन्या, औषध कंपन्या, बियाणे कंपन्या आणि औषध क्षेत्राचं काम घेणाऱ्या आयटी कंपन्या माणसं घेतात. जालना तर बियाण्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, 'महिको'सारखी कंपनी तिथलीच. खासगीत पगार जास्त मिळू शकतो, पण तिथं पदवीपेक्षा 'काय करून दाखवलं' हे विचारतात.

वयाचा हिशेब

समजा, सांगोल्याकडची एक पोरगी १८ व्या वर्षी बारावी झाली. बी.एस्सी. झाली तेव्हा २१, कृषी पदवी केली तर २२. एम.एस्सी.ची दोन वर्षं धरली की २३-२४. नेट पहिल्या झटक्यात निघत नाही, एक-दोन वर्षं जातात. म्हणजे २५. पीएच.डी.ला पाच वर्षं. म्हणजे ३०. त्यानंतरही अनेक संस्था शास्त्रज्ञपदासाठी पीएच.डी.नंतरचा अनुभव मागतात.

इकडं घरात काय चालू असतं? पोरगी २३ ची झाली की स्थळं यायला लागतात. पोरगा असेल तर "मित्र तिकडं पोलीस झाला, घर बांधलं, तू अजून शिकतोयस?" हे ऐकावं लागतं. बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं. या क्षेत्रात गावाकडची पोरं मधेच गळतात त्याचं मोठं कारण हे. अभ्यास झेपत नाही म्हणून गळणारी कमी. घरच्यांना पहिल्या दिवशी कुणी सांगितलेलंच नसतं की ही दहा-बारा वर्षांची वाट आहे आणि अधेमधे तुकड्या-तुकड्यानं पैसे मिळत जातील.

फळबाग लावताना शेतकरी हा हिशेब बरोबर मांडतो. डाळिंब लावलं की पहिल्या वर्षी फळ मागत नाही. पाणी आहे का, मधल्या काळात घर कशावर चालंल, हे आधी बघतो आणि मगच खड्डे काढतो. पोरांच्या शिक्षणातही तेच करायला पाहिजे. पीएच.डी.पर्यंतची दहा-बारा वर्षं काढायची घरची तयारी नसेल तर तसं आधीच ठरवावं. एम.एस्सी.नंतर दोन-तीन वर्षं प्रकल्पावर काम करून खासगीत जाणं ही पण चांगली वाट आहे. फक्त ती ठरवून घेतलेली असावी, नाइलाजानं सापडलेली नसावी.

क्लासच्या जाहिराती

सहा महिन्यांत लाखाचा पगार, हे या क्षेत्रात नवख्याला सहसा होत नाही. सगळेच क्लास खोटे असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. मागच्या वर्षी शिकलेली पोरं कुठं लागली, त्यांच्याशी बोलणं करून देता का? शिकवणाऱ्याचं स्वतःचं प्रसिद्ध झालेलं काम आहे का? 'नोकरीची हमी' लेखी देता का, आणि नाही मिळाली तर फी परत का? इथं जे शिकवता ते फुकट कुठं मिळतं का? चौथ्या प्रश्नाला क्लासवाला सहसा गप्प बसतो, कारण मिळतं.

आणखी एक. सरकारी संस्थेतल्या प्रकल्पाच्या जागेसाठी कुणी 'डिपॉझिट' मागत असेल, तर तो फसवतोय. काही ठिकाणी अर्जाची अधिकृत फी असते, ती संस्थेच्या वेबसाईटवरच भरायची असते. कुणाच्या फोन-पेवर नाही.

फुकटात काय मिळतं?

या क्षेत्राची गंमत अशी की कच्चा माल आणि अवजारं, दोन्ही बऱ्याच अंशी मोफत आहेत. जगभर वाचलेला डीएनए 'जेनबँक'सारख्या सार्वजनिक कोठारांत ठेवलेला असतो. तिथून डाळिंबाचा, ज्वारीचा, तेल्याच्या जीवाणूचा डीएनए कुणीही उतरवून घेऊ शकतो. जुळवणी शोधायचं 'ब्लास्ट' हे अवजार १९९० पासून आहे आणि इंटरनेटवर मोफत चालतं. 'गॅलॅक्सी' नावाच्या मोफत सेवेत प्रोग्रॅमिंग न येताही बरीच कामं करता येतात. पायथन आणि आर या भाषा फुकट, लिनक्स फुकट. केंद्राच्या 'स्वयम' आणि 'एनपीटीईएल'वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत बघता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी पडते.

मोबाईलवर व्हिडिओ बघून कल्पना येते, पण काम शिकायला लॅपटॉप लागतो. जुना चालतो. सुरुवातीला महागडा घ्यायची गरज नाही, कारण जड गणितं दूरच्या संगणकावर करता येतात. खरी अडचण लाईट आणि नेटची. गावात दिवसा थ्री-फेज नसली तर मोटार रात्री चालू करता येते, पण चालू असलेला डाउनलोड मधेच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून.

प्रवेशाच्या वाटाही माहीत असाव्यात. एम.एस्सी. बायोइन्फॉर्मेटिक्स सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे, प्रवेश परीक्षेतून. जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं देशभर चालणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना 'गॅट-बी' परीक्षा लागते. लातूरला परभणी विद्यापीठाचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. पुढं जेआरएफसाठी सीएसआयआर-नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर, जैवतंत्रज्ञान विभागाची 'बीईटी' परीक्षा, किंवा गेटचा बायोटेक्नॉलॉजी वा लाइफ सायन्सेसचा पेपर. नेटमध्ये बायोइन्फॉर्मेटिक्सचा वेगळा पेपर नाही. म्हणजे ज्यांनी पदवीला जीवशास्त्र नीट केलं नाही आणि नुसतं सॉफ्टवेअर शिकलं, ते इथं अडकतात.

पीएच.डी.च्या काळात आधार म्हणून राज्यात अनुसूचित जातींसाठी 'बार्टी', मराठा-कुणबी समाजासाठी 'सारथी', ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी 'महाज्योती' यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. मात्र त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली, हेही लक्षात ठेवून घरचं गणित मांडावं.

एआय आला, मग माणूस कशाला?

हा प्रश्न आता प्रत्येक घरात विचारला जातो. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. हसाबिस आणि जंपर यांच्या 'अल्फाफोल्ड' या एआय प्रणालीनं प्रथिनांच्या २० कोटींहून जास्त आकृत्यांचा अंदाज बांधून तो सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. पूर्वी एका आकृतीवर एखाद्याची अख्खी पीएच.डी. जायची.

याचा अर्थ, नुसतं बटण दाबून सॉफ्टवेअर चालवणाऱ्याची किंमत घटणार. सहा महिन्यांच्या क्लासात शिकवलं जातं ते बहुतेक हेच. पण आलेला निकाल खरा का खोटा, शेतात तो टिकेल का, पुढचा प्रश्न कुठला विचारायचा, हे ठरवायला माणूसच लागतो. इथं शेतकऱ्याचं पोर मागं नाही. एकाच बागेत एका ओळीला तेल्या का येतो आणि शेजारच्या ओळीला का येत नाही, पावसाळी बहाराला काय होतं, मालदांडी कोरड्या रानात थंडीवर कशी तगते, हे त्यानं लहानपणापासून पाहिलंय. शहरातल्या प्रयोगशाळेत डीएनएचा तक्ता बघणाऱ्या अनेकांनी डाळिंबाचं झाड जवळून पाहिलेलं नसतं. ही माहिती अर्जात लिहिता येत नाही, पण मुलाखतीत बोलता येते. त्यासोबत आकडेशास्त्र आणि इंग्रजी पक्कं केलं तर तेच पोरगं कामाचं ठरतं. इंग्रजीची भीती असते, पण इथं भाषण करायचं नसतं. शोधनिबंध वाचून समजणं आणि चार ओळी नीट लिहिणं एवढ्यावर सुरुवात होते.

परदेशाची वाट आता पूर्वीइतकी सरळ नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाच्या अनुदानांना कात्री लागली आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. तिकडं जाणाऱ्यांतले काही आता इथंच थांबणार, म्हणजे इथल्या जागांवर गर्दी वाढणार.

मागणी कशाची करायची?

पोरांनी काय करावं हे झालं. पण सगळा भार पोरांवर टाकून चालणार नाही. डाळिंब इथलं, तेल्या इथला, ज्वारी इथली. नमुने इथल्या रानातून जातात. त्यावर संगणकाचं काम करणाऱ्यांच्या बहुतेक नोकऱ्या मात्र मोठ्या शहरांत. हे काम लॅपटॉपवर होणारं आहे, त्यामुळं ते जिल्ह्यात होऊ शकत नाही असं म्हणायला जागा नाही.

तीन गोष्टी मागण्यासारख्या आहेत. जिल्ह्यातल्या संशोधन केंद्रांच्या प्रकल्पांत जागा निघाल्या की ती जाहिरात तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत पोचावी. यात सरकारचा खर्च शून्य. दुसरी, तालुक्याच्या विज्ञान महाविद्यालयांत संगणक कक्ष संध्याकाळी उघडा राहावा आणि तिथं चांगलं इंटरनेट असावं. तिसरी आणि मोठी, कृषी विद्यापीठांतली रिकामी पदं भरताना प्रत्येक ठिकाणी जैवमाहितीचं काम जाणणाऱ्याची निदान काही कायम पदं असावीत. तीन वर्षांनी माणूस निघून गेला की त्यानं शिकलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं आणि नवा माणूस पहिल्यापासून सुरू करतो. डाळिंबाच्या वाणाला दहा-दहा वर्षं लागतात. त्यावर तीन वर्षांचा माणूस ठेवून कसं भागायचं?

तोवर घरच्यांनी एवढं करावं. पोरगं बायोइन्फॉर्मेटिक्सचं नाव काढील तेव्हा लगेच हो म्हणू नये आणि लगेच नाहीही म्हणू नये. क्लासची फी भरण्याआधी तीन महिने फुकटातलं शिकून बघायला सांगावं. तीन महिन्यांनी त्याला त्याच गोष्टीचं वेड राहिलं, तर मग वर्षं आणि पैसे दोन्हींचा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडावा. आणि तीन वर्षांनी प्रकल्प संपून ते गावी आलं, तर त्याला नापास समजू नये. त्या क्षेत्रातली रीतच तशी आहे. पुढच्या जाहिरातीची तारीख बघायला त्याला जरा निवांतपणा द्यावा.